जाचक कर्जवसुली : एकत्र दाद मागण्याचे कायदेशीर मार्ग

मोहोळ : पुणे-सोलापूर महामार्ग आणि लोहमार्ग या दोहोंवर वसलेल्या मोहोळ तालुक्यात कर्ज ही घरोघरची बाब आहे. सीना नदीकाठी व कालव्याच्या भागात ऊस, द्राक्षे, डाळिंब, तर उरलेल्या कोरडवाहू रानात ज्वारी, अशी येथील शेती. उसाचे बिल हाती येईपर्यंत, पाऊस लांबल्यावर, मुलीचे लग्न ठरल्यावर किंवा घरात आजारपण आल्यावर पैसा उभा करावा लागतो. तो विकास सोसायटीकडून, बँकेकडून, पतसंस्थेकडून, महिलांच्या गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीकडून अथवा सावकाराकडून येतो. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो वसुलीच्या पद्धतीविषयी. दारात येऊन शिवीगाळ करणे, कोऱ्या धनादेशावर वाटेल ती रक्कम भरणे, कर्जाच्या तारणापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेणे, नोटीस न देताच वाहन ओढून नेणे, या प्रकारांना कायद्याचा आधार नाही. तरीही ते सर्वत्र चालतात, याचे मुख्य कारण म्हणजे कर्जदार एकटा असतो. लाज, भीती आणि खर्च या तिन्ही गोष्टी एकट्या माणसाला कार्यालयाच्या पायरीपर्यंतही जाऊ देत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीनेही एकट्याची बाजू दुबळी पडते. एका कर्जदाराची तक्रार हा दोघांमधील व्यवहार ठरतो. त्याच माणसाविरुद्ध वा संस्थेविरुद्ध दहा कर्जदारांनी तशाच तक्रारी पुराव्यानिशी केल्या, तर ती वसुलीची पद्धत असल्याचे सिद्ध करता येते. त्यामुळे जाचक वसुलीविरुद्ध एकत्र दाद कशी मागावयाची, त्यासाठी कोणकोणती दारे खुली आहेत आणि त्यांच्या मर्यादा काय, हे समजून घेणे गरजेचे आहे. हा प्रश्न केवळ खेड्यापुरता नाही. गृहकर्ज, वाहनकर्ज आणि मोबाइलवरून मिळणारी झटपट कर्जे घेणाऱ्या शहरी ग्राहकालाही यातील बहुतेक तरतुदी लागू पडतात.

सोलापूर जिल्हा आणि १८७९ चा कायदा

कर्जवसुलीच्या जाचाविरुद्ध लोकांनी एकत्र उभे राहण्याची महाराष्ट्रातील परंपरा दीडशे वर्षांची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला चढा भाव मिळाला आणि शेतकऱ्यांना कर्जही सढळपणे मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारी शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत ठरवून दिली होती. हेतू कर्जदाराच्या रक्षणाचा असला, तरी परिणाम उलटा झाला. सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी त्यावर अंगठा उठवी. दाव्याची तारीख त्याला कळत नसे, कळली तरी न्यायालय दूर असे. परिणामी एकतर्फी हुकूमनामे होत, घर व जमीन जप्त होई आणि प्रसंगी तुरुंगातही जावे लागे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून कर्जदाराचे घर पाडावयास घेतले. त्यावरून गावकऱ्यांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारात उठाव झाला आणि पाहता पाहता तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा हेतू होता आणि जेथे सावकारांनी कागद मुकाट्याने दिले तेथे सहसा हिंसा झाली नाही, असे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला आढळून आले.

कागद जाळल्याने कर्ज मिटले नाही आणि जाळणाऱ्यांना शिक्षा झाल्या. मात्र या सामूहिक असंतोषाची दखल घेऊन सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो प्रारंभी चार जिल्ह्यांना लागू झाला. पुणे, अहमदनगर आणि सातारा यांच्याबरोबर त्यात सोलापूरचाही समावेश होता. दंग्यांची झळ प्रामुख्याने पुणे व नगर या जिल्ह्यांना बसली असली, तरी कायद्याचा लाभ मोहोळच्या परिसरातील कर्जदारालाही मिळाला, तो असा.

या कायद्यातील तरतुदी त्या काळाच्या मानाने दूरगामी होत्या. शेतकऱ्याला कर्जापायी अटक व कैद करण्यास त्याने बंदी घातली. रोख्यावर लिहिलेला आकडा तसाच न स्वीकारता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती आणि फेड किती झाली याचा हिशेब न्यायालयाने स्वतः करावा, असे त्यात नमूद होते. स्पष्टपणे गहाण ठेवलेली नसलेली जमीन जप्तीतून वगळण्यात आली. हप्ते बांधून देण्याची, सावकाराने पावती देण्याची आणि दाव्यापूर्वी समेट घडविण्याची सोयही करण्यात आली. आज कर्जदार ज्या हक्कांसाठी झगडतात त्यांतील बहुतेकांचे मूळ या कायद्यात सापडते.

खरेदीखताची पळवाट

कायदा आला की त्यातून वाट काढणारेही येतात. गहाणखताचा हिशेब न्यायालय तपासू लागल्यावर सावकारांनी गहाण घेणे कमी केले आणि थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. कागदावर जमीन विकलेली, प्रत्यक्षात ती कर्जाचे तारण. कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचे केवळ तोंडी आश्वासन. ही पळवाट बंद करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली. दस्त खरेदीचा असला तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता, हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली. १९०५ मध्ये हा कायदा संपूर्ण मुंबई इलाख्याला लागू झाला. पुढे शेतकरी कर्जदारांसाठी १९३९ व १९४७ मध्ये नवे कायदे आले आणि जुना कायदा इतिहासजमा झाला.

खरेदीखताची पळवाट मात्र इतिहासजमा झाली नाही. आजही सावकारी कर्जाची सर्वांत धोकादायक रीत हीच आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर नोंदविलेले खरेदीखत, त्यावर कर्जदाराची सही, पाठोपाठ फेरफार आणि सातबारा उताऱ्यावर सावकाराचे अथवा त्याच्या नातेवाइकाचे नाव, एवढे झाले की दिवाणी न्यायालयात हा व्यवहार कर्जाचा होता हे सिद्ध करणे फार कठीण जाते. नोंदणीकृत दस्ताच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा देण्यावर कायद्याची बंधने आहेत. शर्तीची विक्री गहाण ठरण्यासाठीही परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. सावकार ती लिहू देत नाही.

या अडचणीवर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने उपाय दिला आहे. १९४६ च्या मुंबई सावकारी अधिनियमाची जागा या कायद्याने घेतली. त्याच्या कलम १८ नुसार, सावकारीच्या ओघात सावकाराच्या ताब्यात गेलेल्या स्थावर मालमत्तेबाबत जिल्हा निबंधक चौकशी करू शकतात. हे अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे असतात. मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल यांपैकी कोणत्याही मार्गाने गेलेली असली तरी चालते. मात्र तो व्यवहार अर्जाच्या तारखेपूर्वी १५ वर्षांच्या आतील असावा लागतो. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर व्यवहार सावकारीचाच असल्याची खात्री पटल्यास दस्त अवैध ठरवून जमीन मूळ मालकास परत देण्याचा आदेश देता येतो. या आदेशाविरुद्ध विभागीय निबंधकांकडे अपील करता येते.

येथेच एकत्र येण्याचे महत्त्व लक्षात येते. कलम १८ चा लाभ मिळण्यासाठी समोरचा माणूस सावकारीचा व्यवसाय करतो, हे दिसून यावे लागते. एखाद्याला एकदा हातउसने पैसे देणे म्हणजे सावकारी नव्हे, ही न्यायालयांची प्रस्थापित भूमिका आहे. एकट्या शेतकऱ्याने अर्ज केला, की 'मी सावकार नाही, मी रोख रक्कम देऊन जमीन विकत घेतली', असा बचाव होतो. परंतु त्याच व्यक्तीच्या वा तिच्या कुटुंबीयांच्या नावे आसपासच्या गावांतील पाच-सात शेतकऱ्यांची खरेदीखते आढळली, बाजारभावापेक्षा किंमत फार कमी दिसली आणि विक्रीनंतरही जमीन मूळ मालकच कसत असल्याचे दिसले, तर हा बचाव टिकणे अवघड होते. अर्ज प्रत्येकाने आपापल्या जमिनीसाठी स्वतंत्रच करावयाचा असतो. मात्र ते एकाच वेळी दाखल करून एकत्र सुनावणीची विनंती करता येते आणि एकाच्या अर्जात दुसरा साक्षीदार होऊ शकतो.

याच अधिनियमात कर्जदाराच्या उपयोगाच्या इतरही तरतुदी आहेत. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालयाला वसुलीचा हुकूमनामा देता येत नाही. रक्कम न लिहिलेले कोरे दस्तऐवज घेण्यास मनाई आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे जुन्या हिंदू कायद्यातील दामदुप्पटीचे तत्त्व येथे कायम आहे. राज्य सरकारने २०१४ मध्ये ठरविलेल्या दरांनुसार शेतकऱ्यांना तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांना अनुक्रमे १५ व १८ टक्के ही व्याजाची कमाल मर्यादा आहे. कर्जदाराचा पाठलाग करणे, धाकदपटशा दाखविणे, त्याच्या घराभोवती वा कामाच्या ठिकाणी घुटमळणे हा छळ ठरतो आणि तो शिक्षापात्र आहे.

खामगावचे प्रकरण

कायदा चांगला असला तरी तक्रारच नोंदविली गेली नाही, तर त्याचा उपयोग नाही. याचा धडा विदर्भातील एका प्रकरणाने घालून दिला. बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव येथील एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या सावकारीच्या तक्रारी होत्या. या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हास्तरीय समितीपुढे ठेवाव्यात, सरकारी वकिलांचे मत घ्यावे आणि मगच गुन्हा नोंदवावा, अशा सूचना २००६ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्याकडून गेल्याचे जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रातून पुढे आले. एका शेतकऱ्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. उच्च न्यायालयाने या सूचना रद्द ठरवून सरकारला २५ हजार रुपयांचा खर्च बसविला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१० रोजी न्या. जी. एस. सिंघवी व न्या. ए. के. गांगुली यांच्या खंडपीठाने सरकारचे अपील फेटाळले आणि खर्चाची रक्कम १० लाख रुपयांपर्यंत वाढविली.

याआधी १९७७ मध्येही सावकारी आणि कर्जमुक्ती यांविषयीचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच आला होता. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांना कर्जातून मुक्त करणारा अध्यादेश राज्याने १९७५ मध्ये काढला व पुढे त्याचा कायदा झाला. त्याविरुद्ध सावकारांनीच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा वैध ठरविला. त्या वेळी एकत्र येऊन न्यायालयात जाणारे कर्जदार नव्हते, तर सावकार होते, ही बाब बोलकी आहे.

महिलांचे गट आणि मायक्रोफायनान्स

गेल्या दोन दशकांत ग्रामीण भागात सावकाराच्या जोडीला मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. तारण न घेता महिलांच्या गटाला त्या कर्ज देतात. गटातील एकीने हप्ता चुकविला तर इतरांनी तो भरावयाचा, या संयुक्त जबाबदारीवर हा व्यवहार उभा आहे. त्यामुळे वसुलीचा दबाव कंपनीच्या कर्मचाऱ्याइतकाच शेजारणींकडूनही येतो. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाचा प्रश्न पेटल्यानंतर तेथील सरकारने अध्यादेश काढला. रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व २०११ मध्ये या कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम केले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातील महिला कर्जदार मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या.

येथे एक कायदेशीर भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरातमधील प्रकरणांत दिला. त्यामुळे अशा कंपनीविरुद्ध सहकार खात्याकडे अर्ज करून उपयोग होत नाही. तेथे रिझर्व्ह बँकेचे नियम कामी येतात.

मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्स कर्जांसाठी सर्व बँका व कंपन्यांना एकच चौकट घालून दिली. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज त्यात येते. सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, अशी अट घालण्यात आली. वसुली दोघांनी मिळून ठरविलेल्या ठिकाणीच करावयाची. कर्जदार लागोपाठ दोन वा अधिक वेळा तेथे आला नाही, तरच कर्मचाऱ्याने घरी जावयाचे. सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर दूरध्वनी करणे, शिवीगाळ, धमकी, नातेवाईक वा सहकाऱ्यांना त्रास देणे, थकबाकीदारांची नावे जाहीर करणे आणि कर्जाच्या रकमेविषयी वा परिणामांविषयी दिशाभूल करणे या गोष्टी कठोर वसुलीत मोडतात आणि त्यांना मनाई आहे. वसुली प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते.

ज्या गटाच्या जबाबदारीवर वसुली होते, तोच गट तक्रारीसाठीही उपयोगी पडू शकतो. हप्त्याच्या बैठकीत काय घडले याच्या दहा साक्षीदार तेथेच बसलेल्या असतात. दिनांक, वेळ आणि कर्मचाऱ्याचे नाव एका वहीत नोंदवून सर्वांनी सह्या केल्या, तर ती नोंद तक्रारीला मोठे बळ देते. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावयाची. ३० दिवसांत उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

बँका, पतसंस्था आणि जप्ती

बँकांच्या वसुलीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, वाहनकर्जाच्या एका प्रकरणात, गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले व वसुली कायदेशीर मार्गानेच झाली पाहिजे, असे बजावले. तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आहे. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला. ते प्रकरणही महाराष्ट्रातीलच होते. मात्र या कायद्यातही ६० दिवसांची नोटीस बंधनकारक आहे, कर्जदाराच्या लेखी हरकतीला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीवरील तारणहक्काला हा कायदा लागू होत नाही, हे अनेक शेतकऱ्यांना ठाऊक नसते.

विकास सोसायट्या व पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवितात. हा दाखला हुकूमनाम्याइतकाच परिणामकारक असतो. तो देण्यापूर्वी होणाऱ्या सुनावणीची नोटीस बहुतेक कर्जदार दुर्लक्षितात आणि तेथेच त्यांची बाजू संपते. कारण दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करावयाचा तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. एकाच संस्थेच्या अनेक कर्जदारांना चुकीच्या व्याज आकारणीने नोटिसा आल्या असतील, तर सुनावणीच्याच टप्प्यावर सर्वांनी खातेउतारे मागून एकसारखी हरकत लेखी नोंदविणे हिताचे ठरते.

जप्तीलाही मर्यादा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखे धर्मरूढीने अंगावरून न उतरविले जाणारे दागिने, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेसाठी लागणारी जनावरे, बियाणे व राहते घर यांना हुकूमनाम्याच्या जप्तीतून संरक्षण आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असूनही टाळाटाळ केल्याचे दिसावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. १८७९ च्या कायद्यामागील तत्त्वच एक शतकानंतर असे पुन्हा अधोरेखित झाले.

एकत्र दाद मागण्याच्या रीती

आपल्याकडे जाचक वसुलीविरुद्ध सामूहिक दाव्याचा स्वतंत्र कायदा नाही. तरीही प्रचलित कायद्यांत त्यासाठी जागा आहे.

पहिली रीत प्रातिनिधिक दाव्याची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ नुसार एकसमान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही जण न्यायालयाच्या परवानगीने दावा करू शकतात. इतर सर्वांना व्यक्तिशः अथवा जाहीर नोटिशीने कळवावे लागते आणि सर्वांना कळविल्याविना व न्यायालयाच्या परवानगीविना तडजोड करता येत नाही. मद्रासमधील गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकाधारकांनी वाढीव रकमेच्या मागणीविरुद्ध याच मार्गाने दावा केला होता. प्रत्येकाला स्वतंत्र मागणीपत्र आले होते, म्हणून एकत्र दावा चालणार नाही, हा मंडळाचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. दाव्याचे कारण प्रत्येकाचे वेगळे असले तरी हितसंबंध एक असणे पुरेसे आहे, हे त्यातून ठरले.

दुसरी रीत ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३५ नुसार समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. बंगळूरच्या एका गृहप्रकल्पाच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची चौकट स्पष्ट केली. सर्वांच्या वतीने तक्रार करावयाची असेल तर सर्वांचे हित एकच आहे हे अर्जात दाखविले पाहिजे. तसे नसेल, तर काही ग्राहक केवळ स्वतःपुरती संयुक्त तक्रार करू शकतात. बँक व वित्त कंपन्यांनी लावलेले बेकायदा आकार, न सांगता माथी मारलेला विमा, नोटिशीविना वाहनजप्ती अशा बाबींत हा मार्ग उपयोगी आहे.

तिसरी रीत रिट याचिकेची. अधिकारी तक्रार घेत नाहीत, चौकशी रखडवितात वा कायद्याबाहेर आदेश काढतात, तेव्हा उच्च न्यायालयात जाता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूर जिल्ह्यातील पक्षकारांना यासाठी मुंबई गाठण्याची आवश्यकता उरलेली नाही.

चौथी रीत सर्वांत साधी. प्रत्येकाने स्वतंत्र परंतु एकाच दिवशी, एकाच मसुद्याची तक्रार करावयाची. सावकारी कायद्याखालील अर्ज, पोलिस तक्रार व लोकपालाकडील तक्रार यांसाठी हीच रीत योग्य आहे.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेत कर्जवसुलीतील गैरप्रकारांविरुद्ध १९७७ पासून स्वतंत्र कायदा असून त्यात सामूहिक दाव्याची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियात तर सरकारच वसुलीदार होते. कल्याणकारी भत्ते घेणाऱ्या लाखो नागरिकांवर संगणकाच्या सरासरी हिशेबाने 'रोबोडेट' नावाने ओळखली जाणारी देणी लादण्यात आली. २०१९ मध्ये एका महिलेच्या दाव्यात ही पद्धत बेकायदा असल्याचे सरकारला मान्य करावे लागले. त्यापाठोपाठ सामूहिक दाव्यात ११ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देण्याची तडजोड झाली व २०२१ मध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली. एकीने सिद्ध केलेली चूक इतरांच्या कामी आली, ती सर्वांचा दावा एकत्र उभा असल्यामुळेच.

मर्यादा आणि धोके

सामूहिक दाद म्हणजे कर्जमाफी नव्हे. तक्रार प्रलंबित असताना हप्ते थांबविल्यास व्याज वाढते आणि पतअहवालात थकबाकीची नोंद होते. स्थगिती आदेश नसेल तर वसुली चालूच राहू शकते. 'कर्ज बुडवून देतो' असे सांगून वर्गणी गोळा करणाऱ्यांपासून कर्जदारांनी सावध राहिले पाहिजे. दुसरा धोका फुटीचा असतो. दोन-तीन प्रमुख तक्रारदारांशी परस्पर तडजोड करून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडण्याचे डावपेच खेळले जातात. तिसरा धोका कोऱ्या धनादेशाचा. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या मुदतीकडे दुर्लक्ष केल्यास फौजदारी खटल्याला सामोरे जावे लागते. अशा नोटिशीला वेळेत लेखी उत्तर देणे अत्यावश्यक आहे. लोकअदालतीतील तडजोडीवर सही करतानाही मजकूर पूर्ण वाचून घ्यावा, कारण त्या निवाड्याविरुद्ध अपील नसते.

१८७५ मध्ये शेतकऱ्यांनी रोखे जाळले, कारण त्या कागदांतील हिशेब तपासण्याचा हक्क त्यांना नव्हता. आज तो हक्क कायद्याने दिलेला आहे. म्हणूनच कर्जदाराने आता कागद जपून ठेवणे आणि आपल्यासारख्या इतरांच्या कागदांशेजारी तो मांडणे, यातच त्याचे हित आहे.

मोहोळ तालुक्यातील कर्जदारांनी काय करावे?

- सावकाराविरुद्ध : तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकारी संस्था) कार्यालयात लेखी तक्रार. जमीन परत मिळण्यासाठी कलम १८ चा अर्ज जिल्हा उपनिबंधक, सोलापूर यांच्याकडे.
- बँक वा वित्त कंपनीविरुद्ध : आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (निःशुल्क दूरध्वनी १४४४८).
- सेवेतील त्रुटी व बेकायदा आकार : जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सोलापूर. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही.
- धमकी, मारहाण, जबरदस्तीने ताबा : पोलिस ठाणे. तक्रारीची पोच मागून घ्यावी.
- मोफत वकील : तालुका विधी सेवा समिती अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (दूरध्वनी १५१००). महिला, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.
- जवळ ठेवावयाचे कागद : कर्जाचा करार, हप्त्यांच्या पावत्या, बँकेचा खातेउतारा, खरेदीखताची प्रत, जुना व नवा सातबारा, फेरफार उतारा, पीकपाहणीच्या नोंदी, धनादेशांचे क्रमांक, आलेल्या नोटिसा पाकिटासह, दूरध्वनींच्या वेळांची नोंद आणि साक्षीदारांची नावे.
- गटाने करावयाची कामे : सर्वांची एक यादी, घटनांची एक वही, तक्रारीचा एक मसुदा आणि तडजोड सर्वांच्या संमतीनेच करण्याचा लेखी ठराव.